दुखण्याची गोळी संपली आणि मेडिकलमध्ये मिळेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरचं दुखणं, मणक्याची शीर दबणं, नागिणीनंतर राहिलेली आग, झिजलेले गुडघे, मोठ्या ऑपरेशननंतरची कळ. या सगळ्यांत औषध एकदा लागू पडलं की पुढची अडचण ते न चुकता मिळण्याची असते. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी मिळते, पण गोळ्या संपतात त्या घनसावंगीत, किनवटला नाहीतर भूमला. तिथल्या मेडिकलमध्ये "ही आमच्याकडे नाही", "या चिठ्ठीवर देता येत नाही", "नवी चिठ्ठी आणा" असं ऐकायला मिळतं. त्यातलं कोणतं उत्तर नियमाला धरून आहे, कोणतं नाही आणि आपण काय करायचं, ते रुग्ण आणि घरच्यांसाठी इथे लिहिलं आहे.

मागच्या महिन्यात याच चिठ्ठीवर गोळ्या दिल्या होत्या. या महिन्यात का देत नाहीत?

बहुतेक वेळा या महिन्याचा नकार बरोबर असतो आणि मागच्या महिन्यात सवलत मिळालेली असते. 1945 च्या औषध नियमावलीतील नियम 65 प्रमाणे शेड्यूल एच (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची यादी) आणि त्यावरच्या कडक गटांतल्या औषधांची चिठ्ठी एकदाच वापरता येते. डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीवर "पुन्हा द्यावे" असं लिहिलं असेल तरच ती दुसऱ्यांदा चालते. औषध दिल्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते. म्हणजे जुन्या चिठ्ठीवर शिक्का दिसला की पुढच्या दुकानदाराला ती वापरलेली आहे हे कळतं.

साध्या गोळ्यांच्या बाबतीत हा नियम फारसा कोणी पाळत नाही, म्हणून लोकांना तो माहीतही नसतो. ट्रॅमाडॉलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळीला मात्र दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. तपासणीत त्या नोंदीमागे चिठ्ठी सापडली नाही तर त्याचा परवाना अडचणीत येतो. तो घाबरतो ते त्यामुळे, तुमच्यावर संशय आहे म्हणून नाही.

आपली गोळी कडक नियमातली आहे की साधी, हे घरबसल्या कसं ओळखावं?

पाकिटाची मागची बाजू बघा. डाव्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत फक्त "आरएक्स" असेल तर ते चिठ्ठीवर मिळणारं नेहमीचं औषध. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, गॅबापेन्टिन ही त्यातली. लाल चौकटीत इशारा छापलेला असेल तर ते शेड्यूल एच-वनमधलं. हा गट 1 मार्च 2014 पासून लागू झाला. दुखण्याच्या औषधांपैकी ट्रॅमाडॉल, कोडीन, ब्युप्रेनॉर्फिन आणि पेन्टाझोसिन त्यात आहेत. लाल अक्षरात "एनआरएक्स" दिसलं तर ते औषध अंमली व मनोप्रभावी पदार्थांच्या 1985 च्या कायद्याखालीही येतं. त्याला सगळे एनडीपीएस कायदा म्हणतात.

ट्रॅमाडॉल दोन्हीकडे मोडतं. एप्रिल 2018 मध्ये ते एनडीपीएस कायद्याखालच्या मनोप्रभावी पदार्थांत घातलं गेलं. त्याआधी चिठ्ठीशिवायही सर्रास मिळणारी ही गोळी तेव्हापासून अवघड झाली. पॅरासिटामॉलसोबत जोडून येणाऱ्या गोळीतही ट्रॅमाडॉल 37.5 मिलीग्रॅम असतं आणि तिलाही हेच नियम लागतात. "ही तर साधी तापाची गोळी आहे" असा वाद काउंटरवर घालून उपयोग नाही.

चिठ्ठीवर नेमकं काय असलं पाहिजे?

ओपीडीतून बाहेर पडण्याआधी, डॉक्टर किंवा सिस्टर समोर असतानाच हे तपासा. घरी येऊन चूक लक्षात आली तर शंभर किलोमीटरचा फेरा पडतो.

रुग्णाचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा. केसपेपरवर बऱ्याचदा नुसतं "कमलबाई, 62, स्त्री" असं असतं, ते पुरत नाही. तारीख हवी आणि ती वाचता आली पाहिजे. डॉक्टरांची हाताची सही, नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. सरकारी दवाखान्यात नवशिक्या डॉक्टरांनी लिहिलेल्या केसपेपरवर हा क्रमांक हमखास राहून जातो. तेव्हा "सर, शिक्का मारून द्या" असं सरळ म्हणावं, त्यात संकोच नको. शिक्क्यात नाव आणि क्रमांक दोन्ही येतात.

औषधाच्या ओळीत चार गोष्टी लागतात: औषधाचं मूळ नाव, एका गोळीतले मिलीग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि एकूण किती गोळ्या. सगळ्यात जास्त अडतं ते चौथीवर. "ट्रॅमाडॉल 50, 1-1-1, चालू ठेवा" अशी ओळ असली की किती गोळ्या द्यायच्या हे दुकानदाराला ठरवता येत नाही. मग तो एक पाकीट देतो किंवा देतच नाही. "ट्रॅमाडॉल 50 मिलीग्रॅम, दिवसातून 3 वेळा, 30 दिवस, एकूण 90" असं असेल तर प्रश्न उरत नाही. एकूण संख्या अक्षरी लिहून घेतली तर आणखी चांगलं, कारण 30 च्या पुढे एक शून्य वाढवल्याचा संशय कुणी घेत नाही.

खाडाखोड झाली असेल तर तिच्याशेजारी डॉक्टरांची छोटी सही घ्या. दोन वेगळ्या शाईत लिहिलेली चिठ्ठी एच-वनच्या औषधाला बहुतेक दुकानं नाकारतात.

दर महिन्याला नवी चिठ्ठी आणणं जमत नाही. "पुन्हा द्यावे" कसं लिहून घ्यायचं?

डॉक्टरांना शब्द सुचवा: "दर 30 दिवसांनी, एकूण 3 वेळा द्यावे." किती वेळा आणि किती दिवसांनी, दोन्ही हवं. नियमाप्रमाणे दुकानदाराने त्या अंतरानेच औषध द्यायचं असतं. त्यामुळे पंचविसाव्या दिवशी गेलात तर तो थांबायला सांगेल आणि ते बरोबरच असेल. प्रवास, सण किंवा बाजारचा दिवस सांभाळायचा असेल तर अंतर 28 दिवसांचं मागा. म्हणजे वार दर वेळी तोच येतो.

साध्या वेदनाशामक गोळ्या, गॅबापेन्टिन, ॲमिट्रिप्टिलिन यांना ही पद्धत चांगली चालते. ट्रॅमाडॉलला काही दुकानं तरीही दर वेळी ताजी चिठ्ठी मागतात. अशा वेळी एकच दुकान धरून ठेवणं शहाणपणाचं. तिथे तुमची फाईल एकदा दाखवा आणि चिठ्ठीची झेरॉक्स देऊन ठेवा.

ट्रॅमाडॉल रोज चार वेळा सांगितलंय, पण दुकानदार 100 च्या वर देत नाही. हा त्याचा स्वतःचा नियम आहे का?

नाही. एनडीपीएस नियमावलीच्या नियम 66 मध्ये हा आकडा आहे. मनोप्रभावी औषध स्वतःच्या उपचारासाठी जवळ ठेवायचं तर एका वेळी 100 मात्रांपर्यंत ठेवता येतं. दीर्घकाळाच्या उपचारासाठी डॉक्टरांनी तसं मुद्दाम लिहून दिलं असेल तर 300 पर्यंत. एक गोळी किंवा एक कॅप्सूल म्हणजे एक मात्रा.

आता हिशेब करा. 50 मिलीग्रॅमची गोळी रोज 4 म्हणजे 30 दिवसांच्या 120. नुसत्या चिठ्ठीवर 25 दिवसांचीच मिळते आणि पाच दिवस दुखणं अंगावर येतं. यावर दोन उपाय आहेत. पहिला, डॉक्टरांकडून "दीर्घकालीन उपचारासाठी 120 गोळ्या" असं स्पष्ट लिहून घ्यायचं. दुसरा, हळूहळू विरघळणारी 100 मिलीग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा चालेल का, हे विचारायचं. औषध तेवढंच पोटात जातं आणि महिन्याच्या गोळ्या 60 होतात. हा बदल स्वतः करू नका. हळू विरघळणारी गोळी मोडायची किंवा चावायची नसते, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

लिहिलेली कंपनी नाही, "दुसरी देतो, तीच आहे" म्हणतात. घ्यावी का?

शेड्यूल एच आणि एक्सच्या (एक्स म्हणजे सगळ्यात कडक नियमांचा गट) औषधाच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर दुकानदाराला स्वतःच्या मनाने दुसरी गोळी देता येत नाही, घटक तोच असला तरीही. व्यवहारात रोज दिली जाते हा भाग वेगळा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असेल तर मात्र त्या घटकाची आणि ताकदीची कोणतीही कंपनी चालते. म्हणून डॉक्टरांना मूळ नावाने, मोठ्या छापील अक्षरात लिहायची विनंती करा. गावाकडच्या रुग्णाचं काम या एका सवयीने जितकं सोपं होतं तितकं दुसऱ्या कशाने होत नाही.

बदललेली गोळी घेतलीच तर घटक, मिलीग्रॅम आणि नावापुढची "एसआर" किंवा "ईआर" (म्हणजे हळू विरघळणारी) ही अक्षरं जुन्या पाकिटाशी ताडून बघा. त्यासाठी रिकामं पाकीट फेकू नका, चिठ्ठीला टाचून ठेवा.

पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, प्रेगाबालिन अशा गोळ्या जनऔषधी केंद्रात मूळ नावाने आणि बऱ्याच स्वस्तात मिळतात.

वर्षानुवर्षं घेतलेली गोळी "सरकारने बंद केली" म्हणतात. खरं आहे का?

खरं असू शकतं. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन 2013 मध्ये बंद झालं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने 156 ठरावीक मिश्रणं बंद केली. त्यांत ॲसेक्लोफेनॅक 50 आणि पॅरासिटामॉल 125 मिलीग्रॅमची गोळी होती, तसंच ट्रॅमाडॉलमध्ये पॅरासिटामॉल, कॅफिन आणि टॉरिन घातलेलं मिश्रणही होतं. बंदी मिश्रणावर आहे, त्यातल्या प्रत्येक घटकावर नाही. तेव्हा दुकानदाराने सुचवलेली "तशीच" गोळी न घेता डॉक्टरांकडून घटक सुटे लिहून घ्या.

कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. आमच्या तालुक्यात एकाही मेडिकलमध्ये नाहीत. कुठे मिळतील?

तालुक्यात शोधत फिरू नका. मॉर्फिन नेहमीच्या मेडिकलमध्ये ठेवलं जात नाही. 2014 मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी नियम आले. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं "अत्यावश्यक अंमली औषधं" ठरली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था ती ठेवू शकते आणि रुग्णाला देऊ शकते. ही मान्यता राज्याचे औषध नियंत्रक देतात. संस्थेत वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी ठेवण्याच्या उपचारांचं) प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. पूर्वी एकेका साठ्यासाठी चार-पाच वेगवेगळे परवाने लागायचे, ती अडचण या दुरुस्तीने दूर झाली. तरीही मान्यता घेतलेल्या संस्था मोजक्याच आहेत आणि त्या बहुतेक मोठ्या शहरांत. खेड्यातल्या रुग्णावर हा मोठा अन्याय आहे.

चौकशी या क्रमाने करा. जिथे किमो किंवा रेडिएशन झालं त्या रुग्णालयापासून सुरुवात करा. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय हे मोठं केंद्र आहे. त्यानंतर त्याच शहरातलं घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर आणि अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत विचारा. तिथे "पेन क्लिनिक" किंवा भूल विभागात चौकशी करायची, कारण दुखण्याचं काम बहुधा भूलतज्ज्ञ बघतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष कुठे आहे, तेही विचारून ठेवा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार झालेले असतील तर तिथल्या पॅलिएटिव्ह विभागाला एकच मागणी करा: घराजवळच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या नावे पत्र आणि आत्ताचा डोस लिहून द्या.

निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: गोळ्या शिल्लक आहेत का, कोणत्या वारी दिल्या जातात, आणि रुग्णाला आणावं लागतं का.

मॉर्फिन 28 दिवसांचं दिलं होतं, तीन आठवड्यांत संपलं. आम्ही जास्त दिलं की काय?

बहुधा नाही. हिशेब चिठ्ठीतच चुकलेला असतो. 10 मिलीग्रॅमची साधी गोळी दर 4 तासांनी म्हणजे दिवसाला 6, 28 दिवसांच्या 168. पण मध्येच कळ आली तर एक जादा गोळी द्या, असंही डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. दिवसाला सरासरी 2 जादा लागल्या तर रोजच्या 8 होतात आणि 168 गोळ्या बरोबर 21 दिवसांत संपतात. त्या 2 गोळ्या एकूण आकड्यात धरलेल्याच नसतात.

यासाठी एक वही ठेवा. तारीख, वेळ, नेहमीची की जादा, आणि गोळीनंतर तासाभराने दुखणं किती उरलं, एवढंच लिहायचं. वही दाखवली की डॉक्टर जादा गोळ्या धरून पुढची संख्या लिहितात किंवा मूळ डोस वाढवतात. वही नसेल तर गोळ्या लवकर का संपल्या, याचं उत्तर तुमच्याकडे नसतं आणि समोरच्याला शंका येते. जादा गोळी रोज तीन-चार वेळा लागत असेल तर मूळ डोस कमी पडतो आहे. ते सांगायला महिना संपायची वाट बघू नका.

मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय ना, हेही बघा. मळमळ काही दिवसांत जाते, बद्धकोष्ठता औषध चालू असेपर्यंत राहते. पोट आठ-आठ दिवस साफ न झाल्यामुळे घरचेच मॉर्फिन बंद करतात आणि रुग्ण पुन्हा विव्हळत राहतो. दोन रुपयांच्या गोळीने हे टाळता येतं.

रुग्ण अंथरुणाला खिळलेला आहे. मुलाने किंवा सुनेने गेलं तर चालेल का?

मेडिकलमध्ये घरच्यांनी चिठ्ठी नेली तरी चालते. मॉर्फिन देणाऱ्या संस्थेत साधारणपणे रुग्णाची फाईल, रुग्णाचं आणि नेणाऱ्याचं आधार कार्ड, मागची रिकामी पाकिटं आणि वही न्यावी. रुग्णाची आजची स्थिती सांगता येईल असाच माणूस जावा: किती खातो, झोप किती, पोट कधी साफ झालं, बोलताना गोंधळतो का. नुसता निरोप्या पाठवला तर डोस बदलता येत नाही आणि फेरा वाया जातो.

व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी मिळाली तर चालते का?

डायक्लोफेनॅकसारख्या औषधांना चालू शकते. ट्रॅमाडॉल आणि मॉर्फिनला नाही. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्स आणि एनडीपीएस कायद्यातली औषधं दूरवरून लिहून देता येत नाहीत. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टरांनी नकार दिला तर तो त्यांचा आडमुठेपणा नाही. डोसबद्दल सल्ला, दुष्परिणामांची चौकशी यासाठी मात्र कॉल जरूर करा.

ऊसतोडीला जातोय, पाच-सहा महिने गावाबाहेर. गोळ्यांचं काय?

बीड, धाराशिव, जालन्याकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कंबर आणि गुडघ्याची दुखणी याच कामात सगळ्यात जास्त वाढतात. निघण्याआधी डॉक्टरांकडून मूळ नावांची, "दर 30 दिवसांनी, 6 वेळा" असं लिहिलेली चिठ्ठी घ्या. सोबत आजाराचं नाव आणि चालू औषधं लिहिलेला एक कागद घ्या. दोन्हींचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पण मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत जवळच असू द्या, कारण एच-वनच्या औषधाला दुकानदार फोटोवर विश्वास ठेवत नाही.

ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन सोबत असेल तर गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, बिल आणि चिठ्ठीसह. सुट्या गोळ्या पुडीत बांधून नेल्या आणि वाटेत तपासणी झाली तर त्या उपचाराच्या आहेत हे सिद्ध करणं कठीण जातं. कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात पहिल्याच आठवड्यात कागद दाखवून नवा केसपेपर काढा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

गोळ्या आज संपल्या, डॉक्टर सोमवारी भेटणार. तोपर्यंत काय करावं?

आधी कोणती गोळी संपली ते बघा.

मॉर्फिन, फेन्टानिलची कातडीला चिकटवायची पट्टी किंवा मोठ्या डोसचं ट्रॅमाडॉल संपलं असेल तर सोमवारची वाट बघू नका. अंगाला सवय झालेलं औषध एकदम तुटलं की घाम, जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, जुलाब आणि जिवाची तगमग सुरू होते. साध्या मॉर्फिनच्या बाबतीत हे शेवटच्या गोळीनंतर दिवसभरातच दिसू लागतं. ज्या रुग्णालयातून औषध मिळतं त्याच्या अपघात विभागात फाईल घेऊन जा. तो विभाग रविवारीही उघडा असतो. "दुखतंय" एवढंच न सांगता "मॉर्फिन इतके मिलीग्रॅम चालू होतं, शेवटची गोळी अमुक वाजता दिली" असं सांगा.

गॅबापेन्टिन आणि प्रेगाबालिनही अचानक बंद करायची नसतात. कमी करायची झाली तर निदान आठवडाभर हळूहळू करतात. यांचा साठा कधीही शून्यावर येऊ देऊ नका.

डायक्लोफेनॅक किंवा ॲसेक्लोफेनॅक एक-दोन दिवस चुकलं तर दुखेल, पण अपाय होणार नाही. तेवढ्यापुरतं पॅरासिटामॉल घेता येतं. 650 मिलीग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. वजन कमी, वय जास्त, लिव्हरचा आजार किंवा दारू असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली, ती डॉक्टरांना विचारूनच. सर्दीच्या आणि दुखण्याच्या जोडगोळ्यांतलं पॅरासिटामॉलही याच हिशेबात धरा.

काही गोष्टी कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका. शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. दोन वेदनाशामक गोळ्या एकत्र करू नका. दारूवर वेळ मारून नेऊ नका. आणि मॉर्फिन चार-पाच दिवस पूर्ण बंद राहिलं असेल तर जुन्या मोठ्या डोसने परत सुरू करू नका. मधल्या काळात अंगाची सवय मोडलेली असते आणि तोच डोस श्वास मंदावू शकतो. माणूस उठवून उठत नाही, श्वास फार सावकाश चाललाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, असं दिसलं तर लगेच 108 ला फोन करा.

ही वेळ टाळण्यासाठी गोळ्या सात दिवसांच्या उरल्या की चिठ्ठीच्या कामाला लागा. तालुक्याच्या दुकानात माल जिल्ह्याच्या होलसेलरकडून येतो. त्यात दिवाळी किंवा जोडून सुट्ट्या आल्या तर दोन-तीन दिवस सहज जातात. आज ऑर्डर द्या, परवा घेऊन जा, असं दुकानदाराशी आधीच ठरवता येतं.

पूर्ण पाकीट घ्या म्हणतात. सुट्या गोळ्या जास्त भावाने देतात. चालतं का?

सुट्या गोळ्यांची किंमत पाकिटाच्या किमतीच्या प्रमाणातच घ्यावी लागते, तसं 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात आहे. पाकीट कापून घेताना मुदतीची तारीख आणि बॅच नंबर असलेली बाजू तुमच्याकडे येत नसेल तर तो मजकूर बिलावर लिहून घ्या. बिल मागाच. ते नसेल तर तक्रारीत दाखवायला काहीच उरत नाही.

"ही नशेची गोळी आहे, कशाला देता म्हाताऱ्या माणसाला?" असं दुकानात सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. खरंच सवय लागते का?

असं बोलणं चुकीचं आहे आणि ते ऐकून घेण्याची गरज नाही. अंगाला औषधाची सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज मॉर्फिन घेणाऱ्या बहुतेकांच्या अंगाला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं. व्यसनात माणूस दुखणं नसतानाही औषधामागे धावतो आणि त्यापायी संसाराचं नुकसान झालं तरी थांबत नाही. कॅन्सरची कळ थांबावी म्हणून वेळेवर गोळी मागणारी आई त्यात बसत नाही. कळ थांबली की ती जेवते, झोपते, नातवंडांशी बोलते. औषध लागू पडल्याची खूण तीच.

धोका अजिबात नाही असंही नाही. पूर्वी दारू किंवा इतर व्यसन असेल, किंवा झोपेची गोळी सोबत चालू असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. ट्रॅमाडॉलसोबत नैराश्याच्या काही गोळ्या चालत नाहीत, आणि फिट येण्याचा आजार असेल तर ट्रॅमाडॉलने तो बळावू शकतो. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा "फार्मासिस्टशी बोलायचंय" असं म्हणून चिठ्ठीवरचं आजाराचं नाव दाखवा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. तेव्हा तो दुकानात असण्याची वेळ माहीत करून घ्या.

उन्हाळ्यात गोळ्या आणि पट्ट्या कशा ठेवाव्यात?

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. पाकिटावर बहुधा 25 किंवा 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. माठाजवळची कोरडी, सावलीतली जागा बरी. गाडीची डिकी आणि खिडकीची फळी नको.

फेन्टानिलच्या पट्टीबाबत जास्त जपा. ती 72 तासांनी बदलायची, कापायची नाही. उन्हाने किंवा तापाने अंग तापलं तर पट्टीतलं औषध वेगाने शिरतं, म्हणून शेकण्याची पिशवी त्या जागेवर कधीही नको. काढलेल्या पट्टीतही औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत करून ती दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

उन्हात राबणाऱ्यांसाठी आणखी एक. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीला मारतात. जुलाब-उलट्या चालू असतील तर त्या दिवशी ही गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा. शुगर, बीपी किंवा किडनीचा आजार असेल तर महिनोन्महिने चिठ्ठीशिवाय ती घेत राहणं फार महागात पडतं. आठवडी बाजारात सांधेदुखीच्या नावाने मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्याही टाळा. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं.

रुग्ण गेल्यावर मॉर्फिनच्या गोळ्या उरल्या. दुसऱ्या गरजूला द्याव्यात का?

भावना चांगली आहे, पण देऊ नका. कायद्याने ते चालत नाही आणि दुसऱ्याच्या डोसची गोळी पहिल्यांदाच घेणाऱ्याला जीवघेणी ठरू शकते. जिथून मिळाल्या त्या संस्थेत मोजून परत करा आणि परत केल्याची नोंद त्यांच्या रजिस्टरला करून घ्या.

नियमाप्रमाणे चिठ्ठी असूनही औषध नाकारलं, किंवा जास्त पैसे घेतले. तक्रार कुठे करायची?

किंमत जास्त घेतली तर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचा टोल-फ्री क्रमांक 1800-111-255. बनावट वाटणारी गोळी, बिल न देणं, फार्मासिस्टशिवाय चाललेलं दुकान यासाठी राज्याचं अन्न व औषध प्रशासन, टोल-फ्री 1800-222-365, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं सहायक आयुक्तांचं कार्यालय. सरकारी रुग्णालयात औषध शिल्लक नसेल तर अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे द्या आणि वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठात्यांच्या नावे. अर्जात औषधाचं नाव, मिलीग्रॅम, कोणत्या तारखेला मिळालं नाही आणि रुग्णाचा केसपेपर क्रमांक एवढं लिहा. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. औषधाची पुढची मागणी नोंदवताना असे शिक्का मारलेले अर्ज हाताशी असले तर विभागाला जादा साठा मागता येतो.